नावेचं नाव काढू नका

सुटीवर जाण्याआधी माणसाने गॅस बंद करावा, नळ बंद करावा, खिडक्या बंद कराव्यात, हे सगळेच सांगतात. शेजाऱ्यांचं तोंड कसं बंद करावं हे मात्र कोणी सांगत नाही. आम्ही चार दिवस तलावाच्या गावी जाणार ही बातमी आमच्या हिने फक्त दूधवाल्याला दिली होती, तीही 'चार दिवस दूध नको' एवढ्याच शब्दांत. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवरची माणसं सल्ला देऊन गेली. खालच्या काकू म्हणाल्या, गरम कपडे न्या, तिकडे गारठा असतो. समोरच्या काकू म्हणाल्या, गरम कपडे अजिबात नेऊ नका, खालचीचं ऐकू नका. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. आयुष्यभर त्यांनी जे पूल बांधले त्यांतले काही अजून उभे आहेत, त्यामुळे आमच्या इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला जिन्यात गाठलं, वर आकाशाकडे पाहिलं (जिन्यातून आकाश दिसत नाही, पण त्यांनी पाहिलं) आणि म्हणाले, "छत्री नेऊ नका. या दिवसांत तिकडे थेंब पडत नाही. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. लिहून घ्यायची मला सवय आहे. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागाचा अधीक्षक आहे. आलेल्या कागदावर आवक क्रमांक पडतो, गेलेल्या कागदावर जावक, आणि मधल्या काळात तो कागद कुठे होता हे फक्त मला ठाऊक असतं. मलाही नेहमी असतंच असं नाही. लोकांना वाटतं हे काम सोपं आहे. समोर घामाघूम उभ्या असलेल्या माणसाला शांतपणे 'उद्या या' म्हणायला काळीज घट्ट लागतं. पहिली दोन वर्षं मला ते जमत नव्हतं. आता जमतं.

तर सुटी. सव्वीस वर्षांच्या संसारात लग्नकार्यं आणि आजारपणं सोडली तर आम्ही दोघं कुठे गेलो नव्हतो. या खेपेला हिने वर्तमानपत्रातलं एक कात्रण माझ्या जेवणाच्या डब्याला चिकटवून पाठवलं. तलावाच्या गावच्या नगरपालिकेला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, दिव्यांनी सजवलेल्या अकरा नावा पर्यटकांना घेऊन तलावाला एक फेरी मारणार होत्या. घरी आल्यावर मी विचारलं, हे काय? ही म्हणाली, "मला त्या नावेत बसायचंय. बाकी तुम्हाला काय बघायचं ते बघा, कुठे उतरायचं तिथे उतरा, मी चकार शब्द काढणार नाही. पण मला त्या नावेत बसायचंय."

हिच्या माहेरी घराला लागून नदी. मुलांची शाळा नदीपलीकडे, मुलींची अलीकडे. भाऊ रोज नावेतून जायचे आणि ही रोज काठापर्यंत त्यांचे डबे पोचते करून परत यायची. वडिलांनी एकदा नावेत बसवायचं कबूल केलं होतं, पण राहून गेलं. मग लग्न झालं आणि माझ्याकडे आली. हे सगळं मला सव्वीस वर्षांनंतर त्या दिवशी कळलं. आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही आधी कधी विचारलंत?

मी तिला शब्द दिला. नावेत बसायचं म्हणजे बसायचं. आणि तिथेच थांबलो असतो तर ही कथा लिहायची वेळ आली नसती. पण एवढ्या लांब जातोच आहोत तर बाकीचं गावही उरकून टाकावं, म्हणून मी यादी केली. सात प्रेक्षणीय स्थळं, प्रत्येकापुढे पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि शेऱ्यासाठी रकाना. तीन प्रती काढल्या. एक मला, एक हिला, एक कार्यालयीन प्रत. कार्यालय सोबत येणार नव्हतं, पण प्रत असलेली बरी.

शताब्दीच्या दिवशी सकाळी मी लॉजच्या खोलीतला पडदा सारला तर तलाव गायब. डोंगर गायब. समोरचा रस्ताही गायब. पाऊस तेवढा जागेवर होता. मी पाकिटातून ओव्हरसियरांचा कागद काढून पुन्हा वाचला. थेंब पडत नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं.

"खरंच आहे," ही खिडकीशी येऊन म्हणाली. "थेंब कुठे आहेत? धारा आहेत." मग पदर खोचून म्हणाली, "चला, आधी छत्री बघू."

मी यादी काढली. "छत्री चौथ्या क्रमांकावर आहे. दहा पन्नासला."

"काय?"

"छत्री. दगडी. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा सरदाराच्या समाधीवर बांधलेली आहे. आधी वस्तुसंग्रहालय, मग जुना दरवाजा, मग बाग आणि मग छत्री."

हिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या चांगली ओळखीची आहे. तिला उत्तर द्यायचं नसतं, आपल्या शर्टाची बटणं तपासत राहायचं असतं.

खाली लॉजचा मॅनेजर स्टोव्हवर मोजे वाळवत बसला होता. त्याला यादी दाखवली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, उलटून कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाला, "आज सगळं बंद."

"आज तर गावाचा उत्सव आहे."

"म्हणून तर बंद. सगळी माणसं स्वागताच्या कामाला लावलीयत."

"पण ज्यांचं स्वागत करायचं त्यांनी बघायचं काय?"

"स्वागत बघायचं," मॅनेजर म्हणाला आणि मोजा उलटा केला. मग आम्ही निघताना त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. नावेचे पास नगरपालिकेच्या खिडकीवर मिळतात आणि खिडकी दोनला बंद होते. ही लगेच म्हणाली, आधी तिकडेच जाऊ. मी म्हणालो, दोनला अवकाश आहे. सकाळ फुकट घालवायला मी चार दिवसांची अर्जित रजा टाकली नव्हती.

आम्ही टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याला म्हटलं, "दरवाजा दाखवा आणि मग छत्री." जुन्या दरवाजावर 'हार्दिक स्वागत' असा इतका मोठा फलक बांधला होता की मागे दरवाजा असावा असा नुसता अंदाज बांधता येत होता. मी अंदाजासमोर उभा राहून फोटो काढून घेतला. पुढे टॅक्सी तीन-चार बोळांतून वळत एका टपरीसमोर उभी राहिली. टपरीत एक म्हातारा गळक्या छपराखाली बादली लावून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर, बाजूला, मागे, सगळीकडे छत्र्याच छत्र्या टांगल्या होत्या.

"ही बघा छत्री," टॅक्सीवाला म्हणाला. "यांच्यासारखी अख्ख्या गावात मिळायची नाही."

मी म्हाताऱ्याला समजावून सांगायला गेलो. म्हटलं, "आम्हाला जुनी छत्री बघायचीय."

"जुनी आपण ठेवत नाही, साहेब. सगळा माल नवीन."

"अहो, चारशे वर्षांची."

म्हाताऱ्याने विचार केला. माणूस प्रामाणिक होता. "चारशे वर्षांचं सांगू शकत नाही," तो म्हणाला. "दोन पावसाळे नक्की काढेल."

तोवर हिने एक छत्री उघडूनही पाहिली होती. जांभळी, झालरीची, एका माणसापुरती. ती तिने घेतली. मी झालरीच्या छत्रीखाली जाणार नाही असं मी तत्त्व म्हणून सांगितलं आणि तिनेही तत्त्व म्हणून फार आग्रह केला नाही. टॅक्सीत बसल्यावर मी यादीत चौथ्या क्रमांकापुढे शेरा लिहिला: छत्री, पाहिली. पुढे कधी कोणी विचारलं तर खोटं बोलायची पाळी नको.

नगरपालिकेत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. खिडकीपुढे रांग होती आणि खिडकीत तो होता. त्याचं नाव मला माहीत नाही, पण तो माझ्या जातकुळीचा आहे हे मी लांबूनच ओळखलं. चष्मा नाकाच्या टोकावर. उजवीकडे शाईचं पॅड, डावीकडे ओला स्पंज, मध्ये झाकण घातलेला चहा. अर्ज हातात घेतला की तो आधी वाचत नसे, आधी वजन करत असे. माझ्या अर्जाचं वजन करून तो म्हणाला, "निळी शाई. काळी लागते."

पुढचे लोक यावर भांडले होते. मी भांडलो नाही. मी स्वतः निळ्या शाईसाठी आजवर शेकड्यांनी अर्ज परत केलेत. मी मनातल्या मनात त्याला दाद दिली, शेजारच्या माणसाचं काळ्या शाईचं पेन मागून घेतलं आणि ओल्या बाहीने नवा अर्ज लिहिला. रांग पुन्हा. या वेळी तो म्हणाला, "पत्ता कायमचा लिहिलाय. तात्पुरता कुठाय? उतरलात तिथला दाखला लागेल." मी पुन्हा दाद दिली, पण थोडी कमी. लॉजवर गेलो. मॅनेजरने 'हे दोघे आमच्याकडे उतरले असून त्यांची वागणूक आजपर्यंत ठीक आहे' असा दाखला दिला, पण शिक्क्याची शाई वाळलेली. त्याने शिक्का चहात बुडवून उठवला.

"आता तरी मिळेल ना हो?" परत येताना ही विचारत होती. "दोन वाजत आले." दोनला पाच कमी असताना आम्ही खिडकीशी पोचलो.

"नाव?" खिडकीतला म्हणाला.

"हो, नावेसाठीच."

"नाव सांगा. तुमचं."

मी नाव सांगितलं. त्याने दाखला हुंगला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "पर्यटक की पाहुणे?"

शहाण्या माणसाने इथे विचारलं असतं, यात फरक काय? पण माझ्या मागे अर्ध्या चड्डीतला एक इसम मक्याचं कणीस खात, चिखलाच्या बुटांनी माझ्या टाचा तुडवत उभा होता. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. पर्यटक म्हणजे हा. मी सव्वीस वर्षं नोकरी केलेला, हाताखाली सहा माणसं असलेला, यादीच्या तीन प्रती काढणारा गृहस्थ. माझी पँटही गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि माझ्याही नाकावरून पाणी गळत होतं, पण आतून मी वेगळा होतो. "पाहुणे," मी म्हणालो.

"अहो," ही मागून सदरा ओढत म्हणाली, "कात्रणात पर्यटक लिहिलंय."

"तू थांब गं. वर्तमानपत्रातला शब्द वेगळा आणि कार्यालयातला वेगळा."

खिडकीतल्याने एक गुलाबी फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'पद' असा रकाना होता. किती दिवसांनी कोणीतरी माझं पद विचारत होतं. मी ठसठशीत लिहिलं, अधीक्षक. बाहीतून दोन थेंब नेमके त्यावर पडले आणि शाई फुटली, पण मी ते फारसं मनावर घेतलं नाही. खिडकीतल्याने ते वाचलं, चष्मा वर केला, आणि काय सांगू, तो माणूस उभा राहिला.

"साहेब, आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "तुम्ही रांगेत कशाला?"

आवक-जावकची किंमत ओळखणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. मी म्हटलं, असू दे, असू दे. त्याने दोन गुलाबी पास दिले, दोन्ही हातांनी, आणि खिडकी बंद केली. बाहेर येऊन हिने पास वाचले. एकावर होतं 'सन्माननीय पाहुणे, व्यासपीठ'. दुसऱ्यावर 'कुटुंबीय, पहिली रांग'. बाकी सगळे पिवळे पास घेऊन चालले होते.

"यात नाव कुठाय?" तिने विचारलं.

"हे काय, वर. पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट."

"बसायची नाव म्हणतेय मी."

मी तिला समजावलं की व्यासपीठ म्हणजे धक्का असणार, नावेत चढायचा. पाहुण्यांना आधी चढवत असतील. तिने पास पदराने पुसून पिशवीत ठेवला. तिचा विश्वास बसला नव्हता, पण खिडकीही बंद झाली होती.

साडेचारला तलावावर गेलो. काठावर पत्र्याचा मांडव, त्यात हजारभर ओली माणसं, आणि पलीकडे पाण्यावर त्या अकरा नावा. दिवे लावलेले होते. पाऊस त्या वेळी जरा उघडला होता आणि पाणी अगदी शांत होतं. ही जागच्या जागी उभी राहिली. चाळिशी पार केलेली माझी बायको नावांकडे बघत होती आणि तिचा चेहरा बारा वर्षांच्या मुलीचा झाला होता. मला वाटलं, चला, एक तरी काम तडीला गेलं.

एवढ्यात छातीवर फितीचं फूल लावलेले समितीचे कार्यवाह धावत आले. त्यांचा घसा इतका बसला होता की आवाज येण्याऐवजी नुसती हवा येत होती. त्यांनी माझ्या हातातला गुलाबी पास पाहिला, पासावरचं नाव आपल्या यादीत पाहिलं, आणि यादीतलं पद पाहून मागे वळून हातवारे केले. मागची माणसं ओरडली, "आले, अध्यक्ष आले." नंतर कळलं की समारंभाच्या खऱ्या अध्यक्षांची गाडी रस्त्यात झाड पडल्यामुळे अडकली होती, आणि खिडकीतल्याने माझं ओलं 'अधीक्षक' यादीत 'अध्यक्ष' म्हणून चढवलं होतं.

मी सांगणार होतो. माझी बायको आजही मानत नाही, पण मी खरंच सांगणार होतो. मी म्हणालोही, "अहो, अधीक्षक." कार्यवाह कानाशी हात नेऊन घोगऱ्या हवेत म्हणाले, "हो, हो, अध्यक्ष." मी चूक निदर्शनास आणून दिली होती याची नोंद असावी. तोवर माझ्या छातीवर फितीचं फूल टोचलं गेलं होतं आणि मला एका खुर्चीत बसवलं होतं. त्या खुर्चीच्या पाठीवर स्वच्छ टॉवेल होता. कार्यालयात टॉवेलची खुर्ची फक्त मोठ्या साहेबांना असते. मी एकदा ते रजेवर असताना तिच्यावर बसलो होतो, पण दार लोटून.

ही पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठाच्या कडेशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, पावणेपाच झाले. नावा पाचला सुटतात. खरं काय ते सांगा आणि उतरा."

"काळजी करू नकोस," मी वाकून म्हणालो. "चौकशी केलीय. अध्यक्षांचं भाषण झाल्यावर अध्यक्षांनीच हिरवी झेंडी दाखवायची, मग नावा सुटणार. माझ्याशिवाय एकही नाव हलू शकत नाही."

"मग दोन शब्द बोला आणि दाखवा झेंडी."

"दोनच," मी म्हणालो.

पहिल्या रांगेमागे एक शाळेतल्या बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान शिंकत लॉजवर झोपले होते आणि त्यांच्याकडे एक पिवळा पास जास्तीचा होता. त्या हिला म्हणाल्या, चला माझ्याबरोबर, कशाला खोळंबता. ही माझ्याकडे न बघता गेली. थोड्या वेळाने मला सगळ्यात पुढच्या नावेत जांभळी छत्री दिसली. माझ्या जिवाला स्वस्थता आली. आता बोलायला हरकत नव्हती.

कार्यवाहांनी हवेतल्या हवेत प्रास्ताविक केलं, ते एका मिनिटात संपलं, आणि मी उभा राहिलो. या गावाबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. मी तिथला एक फलक आणि एक छत्र्यांची टपरी एवढंच पाहिलं होतं. म्हणून मी मला माहीत असलेल्या विषयावर बोलायचं ठरवलं. मी म्हणालो, बंधूंनो आणि भगिनींनो, शंभर वर्षांत या नगरपालिकेत किती कागद आले असतील याचा तुम्ही कधी विचार केलाय का? कोणीच केला नव्हता. मी टाळ्यांची वाट पाहिली आणि टाळ्या आल्या. थंडीने हात चोळल्याचा आवाज आणि टाळ्यांचा आवाज यातला फरक व्यासपीठावरून कळत नाही.

टाळी ही वाईट गोष्ट आहे. घरी मी दोन वाक्यं सलग बोललो तर कोणीतरी कुकरची शिट्टी मोजायला जातं. कार्यालयात तर ऐकण्याचं काम माझ्याकडे, बोलण्याचं साहेबांकडे. इथे हजार माणसं माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि पाऊस पुन्हा सुरू झाल्यामुळे कोणालाही उठून जाता येत नव्हतं. मी आवक समजावली. मी जावक समजावली. निळी आणि काळी शाई यांतला तात्त्विक फरक सांगितला. मधे कार्यवाहांनी एक चिठ्ठी पुढे ठेवली. भाषणाच्या भरात आलेला कागद लगेच वाचायचा नसतो. मी ती पाण्याच्या पेल्याखाली ठेवली. दुसरी आली, तीही ठेवली. तिसरी आली तेव्हा मी फाइलला दोरी कशी बांधावी यावर होतो. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता, नावांतले दिवे एकेक करून विझत होते, पण जांभळी छत्री जागच्या जागी होती. मला वाटलं, ही अभिमानाने ऐकतेय. ते वाटून मी आणखी दहा मिनिटं बोललो.

सहाला दहा कमी असताना मी आवरतं घेतलं आणि हिरवी झेंडी दाखवली. एकही नाव हलली नाही. मी झेंडी पुन्हा, जरा उंच दाखवली. मग नावाड्यांचा मुकादम ओलाचिंब वर आला आणि म्हणाला, "झेंडी ठेवा खाली. वारा फिरलाय. आता नाव सोडली तर माणसं परत येणार नाहीत."

"मग आधी का नाही सोडल्या?"

"साडेपाचपर्यंत पाणी ठीक होतं," मुकादम म्हणाला. "तीन वेळा कळवलं."

मी पेला उचलला. पहिल्या चिठ्ठीत होतं, 'कृपया आटोपते घ्यावे, वारा वाढत आहे.' दुसरीत होतं, 'आवरा.' तिसरीत फक्त 'साहेब' एवढंच होतं, पुढे लिहिणाऱ्याला शब्द सुचले नसावेत.

खरे अध्यक्ष तोवर मांडवाच्या दाराशी उभे होते. अर्धा तास उभे होते. मी अध्यक्ष आहे म्हणून ते सांगत होते आणि दारावरचा स्वयंसेवक त्यांना म्हणत होता, अध्यक्ष वर बोलतायत, तुमचा पास दाखवा. कार्यवाहांनी माझ्या छातीवरचं फूल काढून घेतलं. टाचणी निघेना, तर माझ्या सदऱ्याच्या चिंधीसकट काढून घेतलं. कोणी मला वाईट बोललं नाही. वाईट बोलण्याइतकाही वेळ माझ्यासाठी आता कोणाकडे नव्हता.

मी धक्क्याकडे पळालो. पर्यटक नावांतून उतरत होते. अर्ध्या चड्डीतला तो इसमही उतरला, कणीस संपलेलं, आणि माझ्याकडे बघून त्याने बुटातलं पाणी ओतलं. ही सगळ्यात शेवटी उतरली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, शाळेतल्या बाईंचा हात धरून. दोघींनी एकमेकींचे पत्ते घेतले आणि बाई निघून गेल्या.

आम्ही लॉजकडे चालू लागलो. टॅक्सी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मला फार वाईट वाटत होतं. फूल काढून घेतलं त्याचं नाही. तेही वाटत होतं, पण ते वेगळं. जिने सव्वीस वर्षांत हट्ट म्हणून एक गोष्ट मागितली तिला मी ती शाईच्या रंगापायी घालवायला लावली. उद्या सकाळी आमची गाडी होती आणि नावा पुन्हा शंभर वर्षांनी सजणार होत्या. वळणावर आलो तेव्हा मी म्हणालो, "माझं चुकलं." हे दोन शब्द मी व्यासपीठावर बोललो असतो तर पाचला नाव सुटली असती.

"हं," ही म्हणाली. मग छत्री दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "नावेत बसायचं होतं, बसले. हलली नाही, एवढंच."

"तासभर नुसती बसून काय केलंस?"

"नुसती कुठे? शिव्या देत होतो."

"कोणाला?"

"जो बोलत होता त्याला." आणि ही हसायला लागली. थांबता थांबेना. "चौदा माणसं होतो नावेत. एकाने काही म्हटलं की दुसरा त्याच्या वरचढ. कोणी म्हणालं, मेल्याचं तोंड आहे की तुटका नळ. त्या कणीसवाल्याने तर मला न ओळखता म्हटलं, याच्या बायकोने याला सुटीवर पाठवून स्वतः घरी सुटी घेतली असणार. बाई तर नावेतून पडायच्या बाकी होत्या. अहो, माझं पोट दुखलं हसून हसून. माहेरी असताना सुद्धा मी कधी इतकी हसले नसेन."

मी पावसात चालत राहिलो. माझ्या सदऱ्याला छातीवर भोक होतं आणि त्यातून पाणी थेट आत जात होतं.

"तू सांगितलं नाहीस की हा माझा नवरा आहे?"

"विचारलं होतं एकाने, हा कोण म्हणून. मी म्हटलं, देव जाणे."

लॉजचा दिवा दिसायला लागला. एक गोष्ट विचारू नये असं मला आतून वाटत होतं, पण चौकशी अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

"पहिली शिवी कोणी दिली?" मी विचारलं.

"मी," ही म्हणाली.